डोमाजी फिटर आणि अर्जनविसाची मशीन

डोमाजी फिटरला वाचता येत नव्हतं. ही गोष्ट अख्ख्या अमरावतीत दोघांनाच ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको मनकर्णा. सही तो झोकात करायचा. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं त्याच्या हाताखाली चालायची, आणि छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून तो मोहल्ल्यात ज्याला त्याला ‘पोरायले शिकवा’ म्हणून धारेवर धरायचा. अशा माणसाला बाराखडी येते का, हे विचारायची कोणाची छाती होती?

त्याची पोरगी ललिता मात्र खरोखरच शिकली. मॅट्रिक झाली आणि मराठी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. कचेऱ्यांचा कारभार नुकताच मराठीत आला होता, टायपिस्ट कुठे मिळत नव्हते. परीक्षा पास झाली की नोकरी हातात होती. अडचण एवढीच, की क्लासवाल्यानं सांगून टाकलं, ‘मशिनी अपुऱ्या आहेत, परीक्षेला आपापली घेऊन या.’ मशीन नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जा.

डोमाजी अकोल्याला गेला आणि जुन्या शहरात लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या नत्थुजी अर्जनविसाची जुनी मशीन घेऊन आला. नत्थुजी मोठा भाविक माणूस. दर दसऱ्याला त्यानं मशीनची पूजा केली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या, आणि वरून प्रेमानं जवसाचं तेल पाजलं होतं. जवसाचं तेल वाळलं की डिंक होतो. कळ दाबली की खाली जायची आणि रुसून तिथंच बसायची.

“जाम आहे, मेली नाई,” डोमाजी म्हणाला.

ललिता तेव्हा नांदगाव खंडेश्वरला आजारी मावशीकडे होती आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी येणार होती. मनकर्णानं एकदा सुचवून पाहिलं, “अजी, पोट्टी येऊ द्या. तिले पुसून करा.”

“मशीनले काय पुसाचं? मी काय आज फिटर झालो का?”

त्यानं अक्षरांच्या दांड्या जिच्यात ओवलेल्या असतात ती मधली तार ओढली आणि सगळ्या दांड्या घासलेटच्या घमेल्यात टाकल्या. देव सोडून इतकी वर्षं झालेला माणूस दुसऱ्याच्या देवाचं कुंकू पिनेनं कोरत बसला. तांदळाचे दाणेही निघाले, ते कोंबडीनं खाल्ले आणि घासलेटच्या वासानं ती दिवसभर चिडलेली राहिली. दांड्या आरशासारख्या लख्ख झाल्या. आता लावायच्या कशा? जिनातला नियम सरळ होता. कमी वाकाची मध्ये, जास्त वाकाची कडेला. जी बसली नाही ती कानशीनं घासली. मग एकेक कळ दाबून पाहिली. प्रत्येक दांडी उठली, कागदावर आपटली, काळंभोर उमटलं आणि परत गेली. याहून जास्त मशीननं काय करायचं असतं?

ललिता आली तेव्हा घरात माणसं जमलेली होती. शेजारची रुख्मिणी होती, जिनातला जानराव होता. डोमाजीनंच बोलावलं होतं; मिरवायची हौस कोणाला नसते? ललिता बसली. क्लासात शिकवल्याप्रमाणे मान वर, बोटं कळांवर, आणि खडखडखड करून एक ओळ मारली. मग तिनं कागदाकडे पाहिलं.

“वाच ना वं,” रुख्मिणी म्हणाली.

ललितानं खणखणीत आवाजात वाचलं, “माननीय तहसीलदार साहेब, मोर्शी, यांच्या सेवेशी सविनय सादर.”

“बाप्पा बाप्पा!” जानराव म्हणाला. चहा झाला. मंडळी डोमाजीची पाठ थोपटून गेली.

डोमाजी मात्र पोरीच्या डोळ्यांकडे पाहत होता. एवढं लांब वाचताना ते कागदावर एकाच जागी खिळले होते.

“ललिते, कागदावर हे नाई.”

“नाई.”

“मंग काय आहे?”

“काईच नाई, बाबा! नुसता काला आहे. क दाबला का ढ येते, म दाबला का र येते.” तिचा आवाज चढला. “उद्या परीक्षा आहे माही! कळीवर अक्षर आहे, दांडीवर अक्षर आहे. पाहून नाई लावता येत?”

डोमाजीला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. मनकर्णा चुलीपाशी उगाच लाकडं सारत बसली.

“मले वाचता येत नाई, पोरी,” तो म्हणाला.

ललितानं कागद बाजूला सारला. डोळे पुसले, घमेलं ओढलं आणि म्हणाली, “चला. काढा तार.”

दुपारभर दोघं समोरासमोर बसली. ठशावरचं अक्षर उलटं, म्हणून ललिता ठसा शाईत बुडवून बोटावर उमटवून पाहायची आणि सांगायची, “हा क. हा ग.” डोमाजी “क, ग” म्हणत दांडी त्या कळीच्या घरात बसवायचा. काही दांड्या त्यानंच घासून ठेवल्या होत्या, त्या नीट बसवताना त्याला स्वतःलाच शिव्या द्याव्या लागल्या. दिवे लागायच्या आत क दाबला की क येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. ललिता बाहेर आली ती हसतच. “एकबी दांडी अडकली नाई. होते मी पास,” म्हणाली. दोघांनी मशीन दोन बाजूंनी धरली आणि घरचा रस्ता धरला. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, “बाबा, इतके वर्सं मले सांगितलं कावून नाई?”

“सांगितलं असतं, तं तू म्हटलं असतं, बापाचं काय अडलं? मशिनी चालून रायल्या, पगार येऊन रायला. मंग माह्यंही भागन. तू शाळेत पाय ठेवला नसता.”

“आन अडलं होतं का तुमचं?”

“रोज,” डोमाजी म्हणाला. “नीट धर, तुह्या बाजूनं कलून रायली.”