रुडीचं अकॉर्डियन आणि आईची पेटी

डोलोरेसचा फोन आला तेव्हा मी ओहायोतल्या डब्लिन गावी आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "रुडी सकाळी गेला," ती म्हणाली. "कॉफी मागितली होती. मी कप घेऊन आले, तोवर…" शेवटी म्हणाली, "तुझ्या आईला तूच कळव. मला जमणार नाही." ओहायोतला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा पोल्का वाजवणारा माणूस जातो आणि त्याच्या बायकोला आधी काळजी वाटते ती नागपूरच्या एका बाईची… हे कसं झालं ते सांगायला हवं.

रुडी आमचा शेजारी. त्याचे आजोबा युरोपातून इथल्या पोलाद कारखान्यात कामाला आले ते अकॉर्डियन सोबत घेऊनच. पोल्का हे त्या लोकांचं नाचाचं संगीत. ठेका असा की बसलेल्या माणसाची टाच आपोआप हलते. रुडी सोळाव्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात स्टेजवर चढला आणि पुढे त्याने हेच केलं. लग्नं, जत्रा, चर्चचे हॉल, शनिवारी सकाळी रेडिओवर तासभर कार्यक्रम, रविवारी दुपारी नाच. बँड त्याचा, व्हॅन तोच चालवणार, पोस्टरंही तोच चिकटवणार. "हे म्हाताऱ्यांचं म्युझिक आहे," असं कुणी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "बरंय की. तरुण लोक कधीतरी म्हातारे होतीलच. मी थांबतो."

बाबा गेल्यावर मी आईला सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. भजनी मंडळात तिने उभा जन्म पेटी वाजवली होती, म्हणून हट्टाने पेटीही आणवली. विमानप्रवासात तिचा भाता फाटला, तीन सूर मुके झाले. आई म्हणाली, "जाऊ दे. आता वाजवून ऐकवायची तरी कोणाला?" पेटी गॅरेजमध्ये गेली. एकदा रुडी आमची शिडी परत करायला आला आणि त्याला ती दिसली. त्याने झाकण उघडून एक पट्टी दाबली, कान लावला. "हे तर माझ्या अकॉर्डियनचं चुलत भावंड आहे," म्हणाला आणि पेटी काखोटीला मारून घेऊन गेला. अकॉर्डियन दुरुस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई मात्र भडकली. "परक्या माणसाच्या हाती पेटी दिलीस? कोणाला विचारून?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दहा दिवसांनी रुडी पेटी घेऊन आला, गुडघे कटकट वाजवत गालिच्यावर बसला आणि आईला वाजवायची खूण केली. आई जागची हलली नाही. मग त्याने स्वतःच एक पोल्का सुरू केला, भाता असा काही हाणत की पेटी सरकायला लागली. आईला ते बघवेना. "अगं, त्याला सांग, भात्याला असं बदडायचं नसतं." मी सांगितलं. त्याने पेटी तिच्यापुढे सरकवली. "मग दाखवा." बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच आईची बोटं पेटीवर फिरली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला…

त्या उन्हाळ्यात आई दर रविवारी त्याच्याबरोबर नाचाच्या हॉलवर. साडी, स्पोर्ट्स शूज आणि मध्यंतरात पेटी. हॉलमध्ये तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस डोकी उरली होती. रुडीने लगोलग नवी पोस्टरं काढून इंडियन ग्रोसरीत, तूरडाळीच्या शेल्फवर चिकटवली. आधी लोक गंमत बघायला आले, मग नाचायला यायला लागले. माझी मुलगी मैत्रिणींना फोनवर सांगत होती, "माय आज्जी इज इन अ बँड."

दोन वर्षांनी रुडीला स्ट्रोक आला आणि डावा हात लुळा पडला. अकॉर्डियनचा भाता डाव्या हाताने ओढावा लागतो, वाजवणं संपलं. रेडिओ बंद, हॉलवर जाणं बंद, पडदे ओढून घरात बसायचा. आई नागपूरहून पुन्हा आली ती बॅगा न उघडताच त्याच्याकडे गेली. आमच्याकडेच राहिलेली पेटी त्याच्यापुढे ठेवली, आपण पलीकडून बसली आणि जमेल त्या इंग्रजीत म्हणाली, "आय भाता. यू सूर." रुडीचा उजवा हात पट्ट्यांवर आला. पहिल्या दिवशी दोघांचा मेळ अजिबात बसला नाही. तो घाई करायचा, ती भाता आवळून धरायची. डोलोरेस हसून हसून रडली. महिनाभरात दोघं मिळून हॉलवर वाजवू लागले, आणि पुढच्या शनिवारी रेडिओवर पुन्हा रुडीचा आवाज आला.

आईला फोनवर मी एवढंच म्हणाले, "रुडी गेला गं." ती म्हणाली, "तू काहून रडतेस? डोलोरेसजवळ कोण आहे ते बघ आधी. जेवली का ती?"

अंत्यविधीला संथ गाणी नकोत, असं रुडीने लिहूनच ठेवलं होतं. बँडने त्याचं ऐकलं. पण दर रविवारी नाचणारी डोलोरेस त्यानंतर नाचली नाही. रविवारी हॉलवर यायची, कॉफीच्या टेबलामागे उभी राहायची. रुडीची एक सवय होती. कुणी एकटं बसलेलं दिसलं की समोर जाऊन, काही न बोलता, हात पुढे करायचा. नाही म्हणायची सोयच नसायची. गेल्या रविवारी भिंतीकडेला एक गृहस्थ बसले होते, कुणाचे तरी सांगलीहून आलेले वडील, कानटोपी तशीच डोक्यावर. मी उठणार तेवढ्यात डोलोरेस टेबलामागून बाहेर आली, दुखऱ्या गुडघ्याने हॉल ओलांडून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि हात पुढे केला.

काका गडबडून माझ्याकडे बघू लागले. "अहो, यांना सांगा, मला नाचता येत नाही."

"काका, तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

ते सांगायला म्हणून उठले… आणि पुढची तीन गाणी खाली बसले नाहीत.