शुगरवाली मास्तरीण

मास्तरणीला माणसं फारशी आवडत नसत, आणि त्यात दोष माणसांचाच होता. शाळेत असतानाच तिला शुगर निघाली. तेव्हापासून ओळखीपाळखीच्या प्रत्येकानं तिच्यासमोर जी अक्कल पाजळली, ती ऐकून एखाद्या देवमाणसानंही हात जोडले असते आणि जंगलाची वाट धरली असती.

"लहानपणी गोड फार खाल्लं असणार." डोंबल खाल्लं! घरात गोडखाऊ होते ते वडील, आणि ते शेवटपर्यंत ठणठणीत. तिच्या शरीरानं एके दिवशी इन्सुलिन बनवणं बंद केलं, त्यात ना तिचा हात होता, ना आईचा, ना स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याचा. डॉक्टरांनी हे आईला नीट समजावलं. आई दोन दिवस रडली, मग डोळे पुसले आणि पोरीला स्वतःच्या हातानं सुई टोचायला शिकवलं. पण आत्या! आत्या आली, पलंगाच्या कडेला बसली, डोळ्यांना पदर लावला आणि पोरीच्या देखत म्हणाली, "आता हिच्याशी लग्न कोण करणार गं?"

लग्न झालं, बरं का. नवरा टॅक्सी चालवतो आणि रात्री घोरतो, याच्यापलीकडे त्याच्याबद्दल तिची तक्रार नाही. आत्यालाही पुढे म्हातारपणी शुगर निघाली, ती दुसऱ्या जातीची, गोळीवर भागणारी. तेव्हापासून फोन करून विचारायची, "तू अजून सुयाच टोचतेस होय? माझं बघ, एका गोळीत काम!" जणू परीक्षेत पहिली आली.

मास्तरीण सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायची. तिथे तिला सगळे मास्तरीणच म्हणत. पहाटे सायकल मारत यायची, पाण्यात उतरण्याआधी बोटाला टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर ठेवायची. आकडा खाली असला तर दोन घास खायचे, थांबायचं, पुन्हा बघायचं. बरा असला तर पाण्यात. यात तिला काही शौर्यबिर्य वाटत नसे. लोक दात घासतात, ती दात घासून वर सुई टोचते, एवढाच काय तो फरक. तिच्याकडे खोल बाजूची बॅच होती. उथळ बाजूला कुणीही सोम्यागोम्या शिकवतो. खोल बाजूला माणूस पहिल्यांदा कठडा सोडतो, पायाखाली काही लागत नाही, आणि तरी तो तरंगतो. त्या क्षणी त्याचा जो चेहरा होतो तो तिला बघायला आवडायचा. तेवढ्या वेळापुरती माणसं सहन व्हायची.

अशी गाडी रुळावर असताना तलावाला नवा सेक्रेटरी आला. इस्त्रीचा सदरा, गळ्यात शिट्टी, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तोंडात औषध तयार. गुडघे दुखतात? हे लावा. केस गळतात? ते प्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकदा कपडे बदलायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं आणि मास्तरीण पोटात सुई टोचताना त्याला दिसली. झालं! दुसऱ्याच दिवशी बोलावणं.

"बाई, तुम्हाला शुगर आहे आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही?"

"तुम्हाला चष्मा आहे, साहेब. तुम्ही कुठे सांगितलंत?"

चष्मा सगळ्यांना दिसतो, हेही त्या शहाण्याला सुचलं नाही. तो नुसता कीव आल्यासारखा हसला आणि म्हणाला, "तुमच्या भल्यासाठीच बोलतोय हो. खोल पाणी, ही धावपळ, कशाला जिवाला त्रास? तिकीट खिडकीवर बसा. पंखा आहे, खुर्ची आहे. कमिटीपुढे विषय ठेवतो."

तिकीट खिडकी! भिंतीतल्या त्या बिळात बसून दिवसभर "एक की दोन" विचारायचं, आणि पलीकडे पाण्याचा नुसता आवाज ऐकायचा. मास्तरीण घाबरली, पण तिनं तोंडावरची रेषा हलू दिली नाही. असल्या माणसाला आपण घाबरलो हे कळू देणं म्हणजे त्याला दिवाळसण दिल्यासारखं झालं असतं. वर तो रोज सकाळी तिच्यासाठी बाटलीत कसल्याशा पाल्याचा कडूजहर रस आणू लागला. ती "हो हो" म्हणायची आणि बाटली शॉवरच्या मोरीत ओतायची. "काही फरक?" त्यानं विचारलं की "आहे ना!" म्हणून मोकळी व्हायची. मूर्खाशी वाद घालायला तिला वेळ नव्हता.

मग तो दिवस उगवला. पहिली बॅच आटोपून ती खोलीत आली, न्याहारीआधीचं इंजेक्शन घेतलं आणि डबा उघडणार तेवढ्यात तिकीटवाली दारात. "साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता या म्हणाले. दोनच मिनिटं."

गेली. डबा तिथेच, साखरेच्या गोळ्यांची नळी तिथेच पिशवीत. आणि सेक्रेटरीची दोन मिनिटं सुरू झाली. विषय काय, तर मधुमेहींनी जेवणाच्या वेळा कशा पाळाव्यात! मेल्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून दाखवून सांगितलं. इकडे हिच्या पोटात इन्सुलिन आपलं काम करू लागलेलं, आणि अन्नाचा पत्ता नाही. "मला खायला जायचंय" एवढे तीन शब्द बोलली असती तर सुटली असती. पण ह्याच्यापुढे? ह्याच्या तोंडावर "बघा, मी म्हटलं नव्हतं?" उमटलेलं बघायला? मेले तरी चालेल, असं तिला वाटलं, आणि ते जवळजवळ खरंच होत आलं.

आधी हात थरथरले. मग मानेवरून घाम. मग सेक्रेटरीचा चेहरा दूर गेला आणि आवाज तेवढा राहिला. तेव्हा कुठे तिची खोड मोडली.

"साहेब," ती म्हणाली, "माझी शुगर कमी झालीय."

आता आपल्याकडे शुगर म्हणजे रोग. शुगर झाली, शुगर निघाली, शुगर वाढली. मग शुगर कमी झाली म्हणजे काय? रोग कमी झाला! सेक्रेटरी खुर्चीतून उठला, चेहरा आनंदानं फुललेला.

"काय सांगता! अभिनंदन! मी म्हणत नव्हतो? रस लागू पडला!"

टेबलावर त्याचा चहा होता, अर्धा प्यायलेला, भरपूर साखरेचा. मास्तरणीनं हात पुढे केला. त्यानं कप उचलून मागे घेतला. "अंहं! कमी झाली म्हणून लगेच सूट नाही घ्यायची, बाई. आत्ताच तर खरा संयम!" आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिला वाद घालायला जीभ वळेना. ती उठली, टेबलावर आडवी होऊन तिनं कप त्याच्या हातातून हिसकावला, निम्मा चहा त्याच्या इस्त्रीवर सांडला, आणि उरलेला उष्टा, कोमट, गोडमिट्ट चहा तिनं घटाघट घशाखाली ओतला. मग खिडकीतला साखरेचा डबा ओढला आणि मूठभर साखर तोंडात कोंबली. सेक्रेटरी भिंतीला पाठ लावून बघत राहिला. काही वेळानं तिला सगळं पुन्हा जागच्या जागी दिसू लागलं, तेव्हा तो म्हणत होता, "छे छे छे. जिभेवर ताबाच नाही."

त्याच आठवड्यात कमिटी बसली. कमिटी म्हणजे तीन माणसं. सेक्रेटरी. अध्यक्ष, कापडदुकानदार, जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं. आणि एक आजी, ज्या रोज दुपारी येऊन गुपचूप पोहून जातात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं मनाशी म्हणतच मास्तरीण समोर बसली.

"शुगरच्या पेशंटनं साखरेचा चहा प्यायला! तोही माझा! हिसकावून!" सेक्रेटरीनं हात हवेत नाचवले. "ज्यांना स्वतःचा चहा आवरत नाही, त्यांच्या हाती खोल पाण्यात लोकांचे जीव द्यायचे?"

मास्तरणीनं एका दमात सांगितलं. औषधानं साखर उतरते. जास्त उतरली तर माणूस बेशुद्ध पडतं, मरूही शकतं. त्यावर इलाज एकच, ताबडतोब साखर. पहिलीतल्या पोराला समजेल अशा शब्दांत सांगितलं, आणि पहिलीतल्या पोराकडे बघावं तसंच सेक्रेटरीकडे बघितलं.

"म्हणजे शुगरवाल्याला साखर द्यायची?" अध्यक्ष म्हणाले. "हे उलटंच की!"

आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. "मला एवढंच सांग, पोरी," त्या म्हणाल्या. "उद्या पाण्यात तुला असं झालं, तर इथे कुणाला काय करायचं ते माहीत आहे?"

"मी उतरायच्या आधी रोज तपासते."

"ते तू करतेस. मी बाकीच्यांचं विचारतेय."

आत्याला, सेक्रेटरीला, अख्ख्या जगाला द्यायला मास्तरणीकडे उत्तरं तयार असायची. या प्रश्नाला मात्र खरं तेच सांगणं भाग होतं. इतकी वर्षं तिथे काम करून तिनं एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे मदत मागायची, आणि मदत मागायची ती असल्यांकडे! त्यापेक्षा एकटीनं निभावलेलं बरं. निभावलंही होतं, टेबलावर आडवं पडून, दुसऱ्याचा उष्टा चहा पिऊन. तिला स्वतःचा असा राग आला की कान तापले.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

"मग शिकव. शिकवायचाच पगार घेतेस ना? बॅच तुझीच राहील. पण तू पाण्यात असशील तेव्हा कडेला एक माणूस हवा, हे सगळं पाठ असलेला. पहाटे इथे शिकणाऱ्यांशिवाय कोण असतं?"

पहाटे कुलूप उघडायला सेक्रेटरी यायचा. दुसरं काळं कुत्रं नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मास्तरणीनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी कडेच्या बाकावर शिकवणी सुरू झाली. ती गोळ्यांची नळी त्याच्या हातात देऊन म्हणाली, "मी 'कमी' म्हटलं की?"

"अभि—" तो म्हणाला आणि थांबला. "साखर."

"मला घाम फुटला, मी बरळायला लागले?"

"इंजेक्शन?"

"इंजेक्शन दिलंत तर मला मारून टाकाल! साखर! आणि शुद्ध नसेल तर?"

"तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची." हे मात्र त्यानं बरोबर सांगितलं. घरी पाठ करून आला असावा.

"आणि पाण्यात असेन तर?"

"आधी बाहेर काढायचं."

"कसं?"

सेक्रेटरी गोळ्यांची नळी हातात फिरवत राहिला. "उडी मारून," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

मास्तरणीनं त्याच्याकडे नीट बघितलं. इस्त्रीचा सदरा. पाण्यापासून चार हात लांब ओढलेली खुर्ची. "साहेब, तुम्हाला पोहता येतं?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तलावाचा सेक्रेटरी, आणि शब्दशः कोरडा! तिच्या ओठावर हसू आलं, असं खणखणीत हसू की अख्ख्या तलावानं ऐकावं.

"लहानपणी थोरल्या भावानं ढकललं होतं," तो म्हणाला. "वर काढलं, पण तेव्हापासून पाणी बघितलं की धस्स होतं. कुणाला सांगितलं नाही. लोक हसतात."

हसू ओठावरच राहिलं. एरवी तिनं या माणसाला सोलून काढलं असतं, आणि तेही मजेत. पण गाढवाच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकू आलं की काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाढव ते गाढवच, त्यात फरक पडला नव्हता. फक्त आता तिचा जीव त्याच गाढवाच्या हाती होता.

"उद्या लवकर या," ती म्हणाली. "कोरडे कपडे घेऊन या. आणि तो रस आणायचा नाही."

आला, हे कबूल करायला हवं. उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हातांनी कठडा असा धरून उभा राहिला की बोटं पांढरी पडली. चष्मा नाही, सदरा नाही, शिट्टी नाही. थंडीनं की भीतीनं दात वाजत होते. मास्तरणीनं त्याचा एकेक हात कठड्यावरून सोडवला, त्याला पाठीवर आडवा केला आणि मानेखाली तळवा धरला. त्याचं सगळं वजन तिच्या हातावर आलं.

"मास्तरीणबाई," तो डोळे घट्ट मिटून म्हणाला, "सोडू नका हं मला."

"नाही सोडत," ती म्हणाली. आणि मनात म्हणाली, मेल्या, तूही सोडू नकोस.