बांधावर उभे राहणारे सोनवणे सर

सोनवणे सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणात झाली. भेस्तानला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि त्यातून दहा-बारा पोरं उतरली. कमरेपर्यंत काळा चिखल. त्यात माझी नात वैष्णवी, तेव्हा सातवीत. सगळ्यात शेवटी सर उतरले, तेही तसेच माखलेले.

मी म्हटलं, "शाळेत पाठवली होती, म्हशीसारखी लोळून आली. याला जबाबदार कोण?"

सर म्हणाले, "मी. पण ताई, ती काय करून आली ते तिला विचारा तरी."

मी विचारलं नाही. दंड धरून घरात ओढली.

आता सरांची साठी झाली. शाळेतून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, खाडीतून अजून नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी हा अंक काढायचं ठरवलं आणि मला म्हणाले, आजी, तुम्ही लिहा. मी चौथी शिकलेली. तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बोबिनी भरल्या. मला हारतुऱ्याची भाषा येत नाही आणि आवडतही नाही. जसं बोलते तसं लिहिते. आणि आधीच सांगते, हा लेख मी आनंदात लिहीत नाहीये. येत्या रविवारी वैष्णवी, वय वर्षं पंधरा, तीसेक पोरांना घेऊन खाडीत उतरणार आहे. या खेपेला सर तिच्याबरोबर चिखलात नसतील. त्यांचा गुडघा गेलाय. ते बांधावर उभे राहतील. पोरीचा बाप नाही म्हणतो. घरातल्या मोठ्या माणसाच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय सर कोणालाच उतरू देत नाहीत, आणि ती चिठ्ठी चार दिवस माझ्याकडे पडून आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सरांचं काम सांगते. सचिन गावाच्या पुढे खाडी आहे, तिथून पाणी समुद्राला जातं. आकाश स्वच्छ असलं की लांबवर हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. किनाऱ्याला पूर्वी चेरची दाट झाडी होती म्हणतात. चेर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. ते माती धरून ठेवतं, त्याच्या मुळांत मासे-खेकडे वाढतात. झाडी गेली, समुद्र आत सरकत चालला. सर पोरांकडून तिथे चेर लावून घेतात. नाही, चुकले. पोरं लावतात, सर लावू देतात. कुठे लावायचं, कधी उतरायचं, कधी बाहेर यायचं, हे ठरवणारं दर वर्षी एक पोर असतं, चौदा-पंधरा-सोळा वर्षांचं. त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर. सरांनीसुद्धा. हा सरांचा नियम. मला तो पहिल्यापासून वेडेपणा वाटत होता. या बाजूची भरती चालत येत नाही, धावत येते.

वैष्णवी आठवीत असताना तिचे आबा, म्हणजे आमचे घरचे, आजारी पडले. मी दवाखान्यात, म्हणून घरचं काम पोरीवर आलं. आम्ही साड्यांचे लोंबते धागे कापून द्यायचं काम घेतो, ते संपवल्याशिवाय गठ्ठा परत नेता येत नाही. पोरगी शाळेला जाईना. एक दिवस संध्याकाळी मी घरी आले तर सर ओट्यावर बसून कात्रीने धागे कापताहेत आणि वैष्णवी शेजारी गणितं करतेय. सर म्हणाले, "तिचं काम मी करतो, माझं काम ती करतेय." पंधरा दिवस रोज आले. एका साडीला भोक पाडलं. शेटाची बोलणी मी खाल्ली, पण सरांना काही म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी सरांशी भांडायची थांबले, आणि वर्षभराने त्यांच्या मागे खाडीवर जायला लागले.

तिथे जाऊन मी काय केलं ते आता ऐका. चेरची कोवळी रोपं लाटेने आडवी होत होती. पोरं त्यांना बांबूच्या काड्यांना बांधायची, पण सुतळी ओली झाली की सैल पडायची. मला हसू आलं. म्हटलं, गाठ मारायला मला विचारा. खात्यातला वाया गेलेला पॉलिस्टर धागा पिशवी भरून नेला, पिवळा, चमकणारा. तुटलेला धागा मागावर जोडतात तशी बारीक, घट्ट गाठ पोरांना शिकवली. ती सुटत नाही. आमची अर्धी वस्ती लूमवाल्यांची, पोरांचे हात आधीच तयार. दोन रविवारात सगळी रोपं बांधून झाली. सर बघत होते. म्हणाले, "ताई, छान."

महिन्याने गेलो तर एक बगळा चिखलात फडफडत होता. दोन्ही पाय पिवळ्या धाग्यात. वैष्णवीने त्याला ओढणीत धरलं, धागा कापला, आणि हातातली गाठ मला दाखवली.

"आजी, हे तुझं काम."

बघतो तर कितीतरी रोपांचा धागा लाटेने काड्यांवरून निसटून गुंता झालेला, त्यात खेकडे अडकलेले. सुतळी सडते. हा धागा सडत नाही, हे मी आयुष्यभर धागा हातात धरून विसरले.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या धाग्याला हो मी म्हटलं होतं. चूक माझी. वैष्णवी, आता काय करायचं ते तू सांग."

"सगळा धागा काढायचा. आजच."

एक पोरगा म्हणाला, "अरे, रोपं पडतील ने!"

"पडू देत. पडतील ती परत लावू."

सर सगळ्यात आधी वाकले. मीही कात्री घेऊन उतरले. माझ्या गाठी मीच काढणार होते. शेवटची ओळ राहिली आणि वैष्णवीची शिट्टी वाजली. पोरं ओरडली, "चलो, चलो, पाणी आव्युं!" मी म्हटलं, दोन मिनिटं. परत शिट्टी. मी आणखी एक गाठ कापली. पाय उचलायला गेले तर गुडघ्यापर्यंत रुतलेला, आणि पाणी समोरून नाही, मागच्या ओहळातून आलं होतं.

सर बांधावर पोचले होते, ते परत आले. चिखलात आडवे झाले, माझ्या पायाभोवतीची माती हाताने उपसली. वरून पोरांनी दोर टाकला. पाणी कमरेला लागलं तेव्हा आम्ही दोघं दोराला धरून बाहेर आलो. त्या ओढाताणीत सरांचा गुडघा पिरगळला, तो आजपर्यंत सरळ झालेला नाही. भेटेल त्याला सर सांगतात, वयामुळे झालं. वयामुळे नाही. माझ्यामुळे झालं, हे या अंकात छापलं जावं म्हणून मी लिहायला हो म्हटलं.

मला एक गोष्ट मात्र लागून राहिली होती. मी पाण्यात असताना माझी नात माझ्याकडे आली नाही. बांधावर उभी राहून पोरं मोजत होती.

चिठ्ठी आली त्या दिवशी घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, "माय, ती पोर शे, कप्तान नही." वैष्णवी म्हणाली, "पप्पा, तीस पोरं माझी शिट्टी ऐकतात. न ऐकणारं एकच माणूस होतं, ते इथे बसलंय." मुलगा उठून कामावर गेला. जाताना मला म्हणाला, "तूच ठरव."

मी सरांच्या घरी गेले. गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. म्हटलं, "सर, तिला तुम्ही थांबवा. तुमचं ऐकेल."

"ऐकेल ताई. म्हणूनच बोलत नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. भरतीचा तक्ता तीनदा बघतो. पोरं उतरली की चौथ्यांदा बघतो."

मग मी ते लागून राहिलेलं बोलले. सरांनी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. म्हणाले, "ती धावली असती तर सगळी पोरं तिच्या मागे पाण्यात आली असती. तिने आधी पोरं मोजली, मग दोर टाकायला लावला. सगळा वेळ नजर तुमच्यावर होती तिची. मी खालून बघत होतो. त्या वेळी तिच्या जागी मी असतो ना, तर धावलो असतो."

मंडळी, सरांनी काय मिळवलं म्हणून विचाराल तर मी हे सांगेन. स्वतःपेक्षा बरं डोकं चालवणारी पोरं त्यांनी तयार केली, आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटत नाही. समुद्र वाचेल का, मला माहीत नाही. एवढ्याशा रोपांनी काय होतं, असंही वाटतं. पोरांच्या अंगावर आपण मोठ्यांनी फार मोठं काम टाकलंय, या विचाराने झोप लागत नाही.

तरी आज सकाळी चिठ्ठीवर सही केली. अक्षर वाकडं आलं.

सर, तुम्हाला शंभर वर्षं मिळोत असं सगळे लिहितील. मी वर्षं मोजत नाही. तुमचे डोळे लांबचं पाणी ओळखत राहोत, गुडघा तुम्हाला बांधापर्यंत नेत राहो, आणि खाली उतरलेलं प्रत्येक पोर वर येईपर्यंत तुम्ही तिथे उभे असा. रविवारी मीही तुमच्या शेजारी उभी राहीन. शिट्टी वाजली की मागे सरकेन, हे लेखी देते.