जोर लावा, भामाबाई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि आमच्या इंदिरानगरच्या भिशीतल्या बायकांजवळ तर मुळीच नाही — त्यांना सांगायचं म्हणजे नाशिकभर करायचं. तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू का, मलाही धड माहीत नाही. फक्त मध्ये थांबवू नका. एकदा थांबले की मी विषय बदलते. त्यात मी पटाईत आहे.

मी सिस्टर होते. गंगापूर रोडच्या एका खासगी बाळंतपणाच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली. कामाला वाघ होते, हे मी तोंड वर करून सांगते — लेबर रूममध्ये माझा आवाज खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानात ऐकू जायचा. "जोर लाव! अजून जोर! शाब्बास!" हे मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगायचा. आणि एक वाईट खोड. "मला समजलं नाही" हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. समजलं नसलं तरी मान हलवायची, आणि नंतर आपलं आपण जुळवून घ्यायचं. बहुतेक वेळा जुळायचंही. म्हणून तर खोड टिकली ना?

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आमच्या डॉक्टर मॅडम मुंबईहून दोन वस्तू घेऊन आल्या. बायकांचं एक दुखणं असतं — खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की थेंब थेंब लघवी होते. काहींचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरतं. चार-चार बाळंतपणं झालेल्या बायका वर्षानुवर्षं साडीच्या घड्या लावून हे सोसतात आणि बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. ते बळकट केले तर पुष्कळदा ऑपरेशनशिवाय भागतं. त्यासाठीच्या या वस्तू.

एका डबीत पाच गुळगुळीत शंकू होते, अंगठ्याएवढे, प्रत्येकाला मागे दोरा. आकार एकच, वजन चढतं. सगळ्यात हलका आत ठेवायचा आणि पंधरा मिनिटं घरात फिरायचं. स्नायूंनी तो धरून ठेवायचा. जमला की पुढचा. दुसरी वस्तू म्हणजे रबराची नळी, तिला बीपीच्या मशीनला असतो तसा काटा. नळीवर निरोध चढवायचा, ती आत ठेवायची, स्नायू आवळले की काटा वर.

मॅडम म्हणाल्या, तू दोन मुलांची आई आहेस, आधी स्वतः वापरून बघ आणि कुठलं आपल्या पेशंटना बरं पडेल ते सांग. कसं करायचं तेही सांगितलं — ऑपरेशनला निघता निघता, जिन्यात, इंग्रजीत. स्क्वीझ अँड लिफ्ट. समजलं ना? "हो मॅडम," मी म्हटलं.

शंकू घरी बाथरूममध्ये वापरून बघितला. सगळ्यात हलका. उभी राहिले, दोन पावलं टाकली — टक्कन फरशीवर. पुन्हा ठेवला, पुन्हा टक्कन. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, काय पडलं गं? मी म्हटलं, साबणाची डबी. मला इतका राग आला — कुणाचा, ते विचारू नका. मग नळी लावली, लेबर रूममध्ये बायकांना सांगते तसा दणदणीत जोर लावला, आणि काटा सरसर वर गेला. पन्नास! पन्नासच्या पुढे! मी खूष.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं की शंकू काही कामाचे नाहीत, प्रत्येकीला वेगळी डबी घ्यावी लागेल, बायका लाजतील, हरवतील. नळी बरी. मॅडमना पटलं. शंकूंची डबी कपाटात गेली. जी वस्तू माझ्याशी खरं बोलत होती ती मी कपाटात घातली, हे तेव्हा कळायला मी काही तेवढी शहाणी नव्हते.

भामाबाई त्यानंतर महिन्याभराने आल्या. मखमलाबादच्या, माळ्याच्या घरातल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, हाडापेराने मजबूत, नाकात मोरणी. घरचाच झेंडू, शेवंती, गुलाब. लग्न होऊन आल्यापासून त्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं घेऊन बसायच्या. त्यांची जागा सगळ्यांना माहीत होती. आणि गेलं वर्षभर त्या गेल्याच नव्हत्या. सून अलका जायची. का, ते घरात कुणालाच कळत नव्हतं. मला त्यांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं, तेही पडदा ओढून घेतल्यावर. "देवाच्या फुलापाशी अशी वली कशी बसू, शिस्टरबाई?"

एवढंच हवं होतं त्यांना. गंगेवर फुलं घेऊन पुन्हा बसता यावं.

मॅडमनी तपासून सांगितलं होतं, अंग थोडंच उतरलंय, तीन महिने व्यायाम नीट केला तर ऑपरेशन नको. दर गुरुवारी यायचं आणि घरी दिवसातून तीन वेळा करायचं. शिकवायचं काम माझं. आणि मी शिकवलं. श्वास कोंडा, म्हटलं. दात आवळा. आता खाली जोर लावा, भामाबाई. अजून जोर. शाब्बास!

काटा वीसवर गेला. पुढच्या गुरुवारी सव्वीस. मग चौतीस. मी कार्डावर ठळक आकडे लिहायचे. इतकी मन लावून करणारी पेशंट मी दुसरी पाहिली नाही. मळ्यात मोटारीच्या खोलीमागे पोतं अंथरून करायच्या, तिन्ही वेळा, चेहरा लालबुंद होईपर्यंत. चाळीसवर काटा गेला त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी गुलाब आणले होते, ओल्या फडक्यात बांधून. वर मलाच सांगतात, अलकानं तोडलेत, मी हात नाय लावला.

दुसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, खाली जड जड वाटतंय, काहीतरी येतंय असं वाटतं. मी म्हटलं, व्यायामाने सुरुवातीला होतं तसं. कुठून आणलं मी हे वाक्य? कुठल्या पुस्तकात वाचलं होतं? मॅडमना विचारता आलं असतं. त्या तर शेजारच्याच खोलीत होत्या.

मग मॅडमनी मला पुण्याला एक दिवसाच्या शिबिराला पाठवलं. शिकवणारी पोरगी पंचविशीची, मला वाटलं ही काय शिकवणार. तिने तसंच काट्याचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हा काटा खोटं बोलतो. आवळलं तरी वर जातो, कुंथलं तरी वर जातो, त्याला फरक कळत नाही. म्हणून पेशंटच्या पोटावर हात ठेवायचा. पोट फुगलं, श्वास कोंडला, नळी बाहेर ढकलली गेली — तर बाई उलटं करतेय. लघवी मध्येच अडवतो तसं आत, वर ओढायचं असतं. उलटं केलं तर उतरलेलं अंग आणखी उतरतं. मग म्हणाली, आपापल्या पोटावर हात ठेवा आणि करून बघा.

मी दुसऱ्या रांगेत होते. हात ठेवला. माझं पोट फुगलं.

मी हात पटकन मांडीवर घेतला. आजूबाजूच्या सगळ्या हसत होत्या, एकमेकींना करून दाखवत होत्या, आणि मला वाटत होतं की आत्ता ही पोरगी माझ्याकडे बघेल आणि सगळ्यांसमोर विचारेल. परतीच्या एसटीत सिन्नर येईपर्यंत मी बोटांवर मोजत होते — किती जणींना शिकवलं? सात. सात बायका. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, गाडी लागली.

सहा जणींचं मी निस्तरलं. कसं, तर त्यांना सांगितलं की पहिला टप्पा झाला, आता दुसरा टप्पा, यात आत ओढायचं. त्या बिचाऱ्या खूष, आपण पुढच्या यत्तेत गेलो म्हणून! त्यांचं फार बिघडलेलं नव्हतं. पण भामाबाईंचे तीन महिने त्याच आठवड्यातल्या गुरुवारी भरत होते, आणि त्या दिवशी मॅडम स्वतः तपासणार होत्या.

ते मधले तीन दिवस मी कसे काढले, काय सांगू? रोज ठरवायचे, आज सांगते. केबिनच्या दारापर्यंत जायचे आणि "मॅडम, चहा सांगू?" असं विचारून परत यायचे.

गुरुवारी मॅडमनी तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अंग पहिल्यापेक्षा खूपच खाली आलं होतं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, वीस, सव्वीस, चौतीस, चाळीस, आणि माझ्याकडे बघितलं. आकडे तर वाढलेत, मग हे असं कसं?

हीच ती वेळ. दोन वाक्यांचं काम होतं. मॅडम, मी चुकीचं शिकवलं, शिबिरात कळलं — काय झालं असतं? ओरडल्या असत्या. नळी दुसऱ्या सिस्टरच्या हातात गेली असती. नोकरीवरून तर नक्कीच काढलं नसतं, त्या तशा नव्हत्या. तरीसुद्धा मी म्हणाले, "माझ्यासमोर करतात मॅडम. घरी करत नाहीत. आणि वर पाट्या उचलतात."

भामाबाई तिथेच होत्या. पडद्यापलीकडे, टेबलावर, अजून साडी सावरत होत्या. "घरी बी करते मी," त्या म्हणाल्या, अगदी हळू. आणि मी — ऐका, हे मी चांगल्या शुद्धीत केलंय — पडदा सरकवला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि दरडावलं, "खरं सांगा, भामाबाई."

बाहेरून अलका आत आली होती, ती म्हणत होती, नाय मॅडम, रोज करत्यात आत्या, मी बघते ना. मॅडमनी तिला हातानेच थांबवलं. मग त्यांनी भामाबाईंना चांगलं झापलं, सुनेसमोर. शिकवणाऱ्याने किती जीव तोडायचा, म्हणाल्या, तुम्हालाच नको असेल तर? भामाबाई खाली बघत राहिल्या. एकदाच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या गोंधळल्या होत्या.

पिशवी काढली त्यांची. ऑपरेशन नीट झालं, जखम भरली, पण लघवीचं काही थांबलं नाही. मी गंगेवरून जाताना मुद्दाम लांबच्या बाजूने जायचे. तरी दिसायचंच, त्या जागेवर अलका बसलेली असायची. एकदा तिने हाक मारून सांगितलं की आत्या मेथीच्या जुड्या बांधतात, कोथिंबीर खुडतात, फुलांना हात लावत नाहीत. मामंजी म्हणतात, आळस केला, आता भोगा. मी मान हलवली आणि झेंडू न घेताच निघाले.

इथे मी थांबले असते तरी कबुली पुरी झाली असती, नाही का? पण मला सांगायचं होतं ते अजून पुढे आहे.

सहा-सात वर्षांनी अलका आमच्याकडेच बाळंत झाली. दुसरा मुलगा. तोवर मी या व्यायामात चांगली तयार झाले होते. मॅडम इतर डॉक्टरांना सांगायच्या, आमच्या सिस्टरसारखं कुणी शिकवत नाही. भामाबाई सुनेसोबत राहिल्या होत्या. केस पांढरे झाले होते, बसताना अंगाखाली जाड फडकं घेत होत्या. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले, तर त्या सुनेला शिकवत होत्या. स्वतःच्या पोटावर हात ठेवून, अगदी माझ्या सुरात. आत्तापासून करायचं बरं का, माझ्यासारखी गत करून घेऊ नको. श्वास कोंडायचा, दात आवळायचे आणि खाली जोर लावायचा.

एक शब्दही विसरल्या नव्हत्या.

मी धावत जाऊन थांबवलं. थांबवायलाच हवं होतं, नाहीतर त्या पोरीचंही वाटोळं झालं असतं. खोलीत आम्ही तिघीच. दार लोटलेलं. मॅडम गावाला गेलेल्या. माझ्या नोकरीला काही धोका नाही, कुणी विचारणारं नाही, सात वर्षं उलटलेली. याहून सोपी वेळ देवाने कुणाला दिली असेल का? माझ्या ओठांवर आलंही होतं — भामाबाई, मीच.

आणि मी म्हणाले, "अहो, असं नाही. खाली नाही, आत ओढायचं असतं, लघवी अडवतो तसं. तेव्हा तुम्ही चुकीचं ऐकलंत वाटतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, आता त्यांना कळलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला, इतक्या वर्षांचं कोडं सुटावं तसा.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, एवढं करून बी गुण का नाय आला. माझ्याच कानाचा दोष. तुमी जीव तोडून शिकवलं आन् मी तुमच्या नावाला बट्टा लावला, शिस्टरबाई. माफी करा मला."

त्यांनी हात जोडले होते. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "असू द्या, भामाबाई. मी काही मनात ठेवलेलं नाही."