टर्कीच्या हाडाची शिट्टी

टॉमनं माझ्यासाठी केलेली शिट्टी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. तो जाऊन सहा आठवडे झाले. हे कबूल केल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहिण्याचा मला हक्क नाही.

आयर्लंडमधल्या एनिस गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. वयानं तो माझ्या वडिलांएवढा, पण ‘मिस्टर’ म्हटलं की चिडायचा, म्हणून नुसता टॉम. अमेरिकेत सुतारकाम करून परतलेला. तिथं दर वसंतात तो रानटर्कीच्या शिकारीला जायचा. इथं रानटर्की नाहीत, तरी नाताळच्या टर्कीच्या पंखांची हाडं उकळून, एकात एक बसवून शिट्ट्या करायची त्याची सवय सुटली नव्हती. ती फुंकायची नसते, हवा आत ओढायची. मग हुबेहूब मादीची साद उमटते आणि नर तिकडे चालत येतो.

दोन हजार वीसच्या लॉकडाउनमध्ये सत्तरीपुढच्यांना घरातच राहायला सांगितलं होतं. मी टॉमचं सामान दारात ठेवायचो. एकदा त्यानं कुंपणावरून शिट्टी पुढे केली. “बायकोचा मुका घेतोस ना, तसे ओठ कर. रोज सकाळी मी साद घालीन, तू उत्तर द्यायचं. नाही आलं, तर समजायचं एक जण खपला.”

मी हसलो, आत आलो आणि... ते हाड होतं, शिवाय सूर जुळवताना त्यानं उष्टावलेलं. आमच्या घरात अंड्याचीसुद्धा कढई वेगळी. बायकोला कोरोनाचं कारण सांगितलं. खरं कारण किळस होतं.

रोज साद यायची. मी लॅपटॉपसमोर गप्प. त्यानं एकदा विचारलं, तेव्हा म्हणालो, “सकाळी मीटिंग असते रे.”

“ग्रँड, चालेल,” तो म्हणाला. “कामाचा माणूस तू.”

तरी साद थांबली नाही. जानेवारीत एका सकाळी ती आली नाही, आणि मला ते दुपारी जाणवलं. त्याची किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं, तर तो जिन्याखाली पडलेला... दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्येच वारला. भेटायला कुणालाच सोडत नव्हते.

इथल्या रीतीप्रमाणे शववाहिका त्याच्या घरासमोर मिनिटभर थांबली. आम्ही शेजारी अंतर राखून रस्त्याकडेला उभे होतो. मागच्या गाडीतून त्याची गॉलवेची बहीण, नोरा, उतरली आणि माझ्यापाशी आली.

“रोज उत्तर देणारे शेजारी तुम्हीच ना? टॉम फोनवर सांगायचा, माझा भारतीय दोस्त एकही सकाळ चुकवत नाही. मग मी निर्धास्त असायचे.”

नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “मी एकदाही उत्तर दिलं नाही. त्याची शिट्टी मी फेकून दिली. तो पडला, तेही मला दुपारपर्यंत कळलं नाही. माझं चुकलं, नोरा. मला माफ करा.”