भाऊजींच्या नाण्यांवरचा हिरवा चिकटा

प्लास्टिकशी आमच्या भाऊजींइतकं हाडवैर धरणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. कुणाकडे नव्या सोफ्यावरचं कव्हर तसंच राहिलेलं दिसलं की ते त्याच्यावर न बसता उभ्या उभ्या चहा पीत. भाच्याच्या साखरपुड्यात सगळे देण्याघेण्याचं बोलत असताना यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. तो बिचारा घाबरला. भाऊजी म्हणाले, "बाकी सारं चांगलं आहे, पण तेवढी टीव्हीच्या रिमोटवरची पन्नी काढून टाका." लग्न झालं, पण व्याही अजून त्यांना जरा लांबूनच नमस्कार करतात.

या वैराला कारण होतं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौंदडला धानाची शेती, कुडव्यात रंगाचं दुकान, आणि जीव जुन्या नाण्यांत. चांदीचे रुपये, तांब्याचे भोकाचे पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे असं सगळं त्यांनी तरुणपणापासून जमवलं आणि मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या खणांत लावून अल्बम कपाटात ठेवून दिला. पुढे दुकानाच्या धावपळीत काही वर्षं तो उघडलाच नाही. उघडला तेव्हा नाण्यांवर हिरवा चिकटा चढला होता. त्या मऊ प्लास्टिकमधूनच काहीतरी पाझरतं आणि धातूला खात सुटतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. घरात माणूस गेल्यासारखे ते जमिनीवर बसून राहिले. शेवटी ताई म्हणाली, "नाणी आजारी पडली आहेत, मेली नाईत. उठा आता."

मग उपचार सुरू झाले. नाणं घासायचं नाही, चिंच लावायची नाही, भांड्याची पावडर तर नाहीच. शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत ओतायचं, नाणं कडेनं धरून त्यात सोडायचं, चिकटा आपणहून सुटू द्यायचा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये एक बुडी, आणि सुती कापडावर वाळू द्यायचं. खिडक्या उघड्या, आणि अ‍ॅसिटोन पटकन पेटतं म्हणून गॅस बंद. गॅस बंद म्हणजे स्वयंपाकही बंद, म्हणून रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणाऱ्यानं आपलं पोट भरून जावं अशी आमच्यात रीत पडली. दुकानात थिनरचे डबे रचलेले असताना हे गृहस्थ अ‍ॅसिटोनसाठी गावभर फिरत. एका दुकानदारानं नेलपॉलिश काढायची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कौनसा दूँ भैया, गुलाबवाला?" त्यावर त्यांनी भर बाजारात सुगंध, तेल आणि शुद्धता यांवर असं काही ऐकवलं की तो पुढच्या वेळी यांना पाहूनच शटर ओढू लागला.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. दगाबाज प्लास्टिक वासावरून ओळखू येतं. त्याला नव्या रेनकोटासारखा उग्र वास असतो. आणि जन्मभर रंगाच्या दुकानात बसून भाऊजींचं नाक पार गेलेलं. त्यामुळे वास घ्यायचं काम ताईकडे आलं. कुठलीही नवी पिशवी, नवं पाकीट आणलं की आधी तिच्या नाकाखाली. एकदा कचारगडच्या जत्रेत एका म्हाताऱ्याजवळ जुना रुपया मिळाला. म्हाताऱ्यानं तो पिशवीत घालून दिला, आणि भाऊजींनी त्या गर्दीत ती पिशवी ताईपुढे धरली. "सुंगून पाय बरं." लोक थांबून बघायला लागले. ताईनं वास घेतला, पिशवी परत केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माह्या बापानं मले कायले देली याच्या घरी? पन्न्या सुंगाले?" पण हे म्हणताना ती हसत होती, आणि रुपया तिनं स्वतःच्या रुमालात बांधून घेतला.

ताईला कॅन्सर निघाला तेव्हा भाऊजींनी अ‍ॅसिटोनच्या बाटल्या घराबाहेर काढल्या. नागपूरला औषधं सुरू झाली आणि तिला कुठलाच वास सहन होईना. फोडणी नको, अगरबत्ती नको. दुकानातून आलेल्या भाऊजींच्या कपड्यांचा वास आला की तिला ढवळून येई, आणि यांना तो वास येतच नसे. मग ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेजारच्या दारात जाऊन उभे राहत. "वहिनी, माह्या अंगाले वास येऊन राहिला का?" पहिल्या दिवशी त्या बाईला हसू आवरेना. नंतर ती हातातलं काम टाकून येई, गंभीरपणे जवळ उभी राही आणि सांगे, "नाही भाऊ, जा तुम्ही." कधी म्हणे, "केसाले येते." की भाऊजी पुन्हा नळाखाली. तेव्हा कुठे ते ताईच्या खोलीत पाऊल टाकत. पुढे दुकान त्यांनी बंदच ठेवलं.

धान कापणीला यायच्या आधी ताई गेली.

तेरवी झाल्यावर मी तिचं कपाट आवरत होते. साड्यांखाली एक चांदीचा रुपया निघाला. लग्नानंतरच्या पहिल्या धनतेरसला भाऊजींनी तिला दिलेला. तो तिनं कधी त्यांच्या अल्बममध्ये ठेवू दिला नव्हता. दरवर्षी त्याची पूजा करी, कुंकवाचं बोट लावी आणि पाकिटात घालून ठेवी. शेवटच्या वर्षी, आधी नकोसा झालेला वास औषधांनी पुढे कळेनासाच झाल्यावर, तिनं तो कुठल्याशा मऊ पन्नीत ठेवला असावा. कुंकवावर हिरवा चिकटा चढला होता.

भाऊजींनी तो कडेनं धरून खिडकीशी उजेडात नेला.

"धुतला तं तिचं कुंकू जाते," ते म्हणाले. "नाई धुतला तं रुपयाच जाते. सांग बाई, काय करू?"

मग तेच म्हणाले, "खाऊन राहिलं आहे नं ते त्याले." आणि बाहेरून बाटली घेऊन आले. रुपया वाटीत सोडताना त्यांनी तोंड फिरवलं. मी पाहत होते. हिरवं सुटलं, त्याच्या मागोमाग तांबूस रेघा सुटल्या, आणि खाली चांदी स्वच्छ दिसायला लागली.

धनतेरसला मी मुद्दाम कुडव्याला गेले. दुःखाचं वर्ष होतं, म्हणून दारात एकच पणती होती. देवघरात तो रुपया पाटावर उघडाच ठेवलेला, आणि भाऊजी करंडा घेऊन बसलेले. नाण्याच्या चेहऱ्याला ज्यानं कधी कुणाचा हात लागू दिला नाही, त्या माणसानं अंगठा कुंकवात बुडवला आणि रुपयावर टेकवला. राजाच्या मुंडक्यावर मोठा लाल गोळा उठला, अर्धं कुंकू पाटावर सांडलं.

भाऊजींनी अंगठा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तिचं बोट बारीक होतं, बाई."