पाण्यात हसलीस तू

दुपारची जेवणं उरकून त्रिशला चटईवर लवंडते. डोळा लागतोय न लागतोय, तोवर बाहेरच्या खोलीत तिचा नवरा भूपाल पेपर चाळतोय त्याची सळसळ कानावर येत राहते. त्या सळसळीतच कधीतरी पाण्याचा आवाज मिसळतो. नळ चालू राहिला वाटतं, म्हणून ती उठून स्वयंपाकघरात जाते, तर ओट्यावर श्रेणिक बसलेला. पाय खाली सोडून, शेंगदाण्याची बरणी मांडीवर घेऊन.

श्रेणिक तिचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी सगळे मिळून नदीवर गेले असताना तिच्या डोळ्यांदेखत बुडाला. चांगला पोहणारा पोरगा, भोवऱ्यात सापडला. त्रिशला गुडघाभर पाण्यात उभी राहून नुसती ओरडत राहिली. तिला पोहता येत नव्हतं.

तो गेलाय हे तिला आत्ताही पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती त्याला हात लावत नाही. लावला तर जाईल.

"तलावावर जाणं बंद केलंस?" तो विचारतो.

"अंग दुखतंय रे."

"आई."

"खरंच दुखतंय."

तो बरणीचं झाकण लावतो. त्रिशलाच्या घोट्यांपर्यंत पाणी आलेलं आहे. फरशी निळी होत चाललीय, पण त्याचं दोघांनाही काही वाटत नाही.

या उन्हाळ्यात तिनं गावातल्या जलतरण तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं, तेव्हा नणंद म्हणाली होती, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्रिशला तरी रोज जात राहिली. तलावाची पलीकडची भिंत तिला कधी भिंत दिसायचीच नाही. तिथं श्रेणिक हात वर करून गटांगळ्या खात असायचा. ती जिवाच्या आकांतानं हात मारायची, मध्यावर दम तुटायचा, दोरी धरून ती धापा टाकत राहायची. रोज तेच. रोज तो बुडायचा.

आता पाणी कमरेला लागलंय. ओटा, गॅस, भांड्यांची मांडणी सगळं मागं राहिलं आहे आणि श्रेणिक तिच्याशेजारी पाण्यात उभा आहे.

"मागच्या आठवड्यात तू हसलीस," तो म्हणतो. "पाण्यात."

"नाही हसले."

"हसलीस. मी बघितलं."

हसली होती. त्या सकाळी पहिल्यांदाच तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला जमलं, नाकाजवळून बुडबुडे गुदगुल्या करत वर गेले आणि तिला हसू आलं. तेवढ्या वेळात पलीकडची भिंत, भिंतीपाशी बुडणारा पोरगा, सगळंच तिच्या मनातून पुसलं गेलं. मग आठवलं. कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल तोंडात कोंबून ती रडली, आणि परत गेली नाही.

"मला माफ कर, बाळा."

"कशाबद्दल?"

तेवढ्यात पलीकडून हाक येते. बघते तर तलाव नाहीच, नदी आहे. ऐन धारेत दोन हात वर आलेत.

"तिकडं कोण आहे?" तिला माहीत असतं, तरी ती विचारते.

"मीच."

"सोड मला!" ती पुढं झेपावते. त्यानं तिला धरलेलंच नाही, तरी पाय जागचे हलत नाहीत. "मला आता येतंय पोहायला!"

"आई, नाही पोचणार तू." तो अगदी हळू बोलतो. लहानपणी ताप आला की असाच बोलायचा. "कितीही शिकलीस तरी."

"मग मी शिकतेय कशाला?"

धारेतले दोन हात दिसेनासे होतात. त्रिशला बघत राहते.

"मला वाटलं," तो म्हणतो, "तुला आवडायला लागलंय."

ती मान हलवते. होय म्हणून. त्याच्याकडे न बघता.

"मग दाखव की. तोंड घाल पाण्यात."

"तू जाशील."

"होय."

"थोडं थांब."

"थांबलोय की."

ती हवा घेते, तोंड पाण्यात घालते, सोडते. बुडबुडे वर जातात. एक हात पुढं टाकते, मग दुसरा. शेजारी पाणी हलतंय तोवर तो आहे. मग हलायचं थांबतं. मान वर करून बघावंसं फार वाटतं. ती पुन्हा श्वास घेते आणि तोंड खाली घालते. कुठं पोचायचंय ते दिसत नाही. पुढचा हात टाकते.

"त्रिशला, चहा टाकू का?" भूपाल दारात उभा आहे.

ती चटईवर उठून बसते. साडी कोरडी, उशी कोरडी. डोळे पुसायला हात वर नेते आणि थबकते. दहाही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली आहेत, तासभर पाण्यात राहिल्यासारखी.

"काय झालं गं?"

ती बोटं त्याच्यापुढं धरते. भूपाल खाली बसतो, तिचे हात हातात घेतो, अंगठ्यानं एकेक टोक चाचपतो. दोघं बघत राहतात. करंगळीपासून सुरुवात होऊन कातडी हळूहळू सपाट होत जाते, आणि त्रिशला उरलेली बोटं तळव्यात घट्ट मिटून घेते.